तसबिरीच्या मापाचा गाऊन

वारसा जतन मंडळाच्या वार्षिक समारंभात अध्यक्षबाईंनी ऐतिहासिक रेशमी गाऊन घालून प्रवेश करावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ते एक मत अध्यक्षबाईंचंच होतं. काम टेलरबाईंकडे आलं: गाऊन, कोपरापर्यंतचे हातमोजे, पिसांचा पंखा आणि झालरीची टोपी.

टेलरबाई टेप घेऊन पुढे झाल्या, तशा अध्यक्षबाई मागे सरकल्या.

"माझी मापं कशाला? सभागृहातल्या तसबिरीतल्या बाईंची घ्या. सगळे म्हणतात, मी अगदी त्यांच्यासारखी दिसते."

"दिसता हो, पण चेहऱ्याने. कंबर..."

"कंबरेचा विषय मंडळापुढे आलेला नाही," मंडळाचे तज्ज्ञ म्हणाले.

टेलरबाईंनी तसबिरीच्या मापाने कापड बेतलं. त्या काळी मशीन नव्हतं, म्हणून मशीनला बंदी होती. तज्ज्ञांनी टेलरबाईंच्या चष्म्यालाही हरकत घेतली. "मग टाके तुम्हीच घाला," असं त्यांनी म्हटल्यावर ती मागे घेतली. टेलरबाईंच्या बोटांची चाळण झाली. पण ते हिरवं रेशीम चुणीचुणीतून झुळझुळायला लागलं, तेव्हा त्या स्वतःच्याच कामाच्या प्रेमात पडल्या. दुकानात कुणाला गाऊनजवळ चहाही पिऊ देईनात.

ट्रायलला गाऊन पाठीवर वीतभर उघडा राहिला.

"काळजी नको," टेलरबाई म्हणाल्या. "शिवणीत भरपूर माया ठेवलीय. उसवून मोठा करते."

"मायेला ऐतिहासिक पुरावा नाही," तज्ज्ञ म्हणाले. "गाऊन बरोबर आहे. बाई चुकीच्या आहेत."

तेव्हा मंडळाने बाईंमध्येच दुरुस्ती करायचं ठरवलं. त्यांचं जेवण बंद झालं. गाऊनच्या पाठीला नाड्या आल्या आणि त्यासाठी दोन सभासद नेमले गेले, एक ओढायला आणि दुसरा देखरेखीला.

समारंभाच्या दिवशी बाईंना बसता येईना, म्हणून सामानाच्या टेम्पोतून उभ्यानेच आणलं. गाऊनचा घेर सभागृहाच्या दारात अडकला. दार मंडळानेच जतन केलेलं. त्याला खिळा ठोकायचा तरी अर्ज लागे. पायरीवरच तातडीची सभा भरली आणि वारशाच्या व्यापक हितासाठी चौकट फोडण्यात आली.

आत पाऊल टाकताच अध्यक्षबाई पांढऱ्याफटक पडल्या. हातातला पंखा सुटला, आणि पाठोपाठ त्याही कोसळल्या. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"काय अभ्यास आहे बाईंचा! त्या काळच्या बायका अश्शाच पडायच्या."

टेलरबाई धावल्या. बाईंचे ओठ निळे पडले होते.

"अहो, यांना श्वास घेता येत नाहीये!" त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

"थांबा!" तज्ज्ञ आडवे आले. "कापायला मंडळाची मंजुरी लागेल."

"मग मंजुरी येईपर्यंत यांच्या वाटचा श्वास तुम्ही घ्या!" असं म्हणत टेलरबाईंनी नाड्या कापल्या, आणि नाड्यांसोबत जीव ओतून घातलेले टाकेही. रेशीम टराटरा फाटलं. त्या आवाजानेही त्यांचा हात थांबला नाही.

अध्यक्षबाईंनी खोल श्वास घेतला, डोळे उघडले आणि विचारलं, "फोटो आला का?"

फोटो आला होता. व्हिडिओही. वारशाची नासधूस केल्याबद्दल मंडळाने टेलरबाईंचा जाहीर निषेध केला. व्हिडिओत मात्र त्या कुठेच नाहीत. कात्री बाहेर निघाली, तशी मजा संपली म्हणून काढणाऱ्याने फोन खिशात टाकला. बाई धाडकन कोसळतात तेवढंच आहे, तेही त्याच्या हसण्याच्या आवाजासकट.

तुम्हालाही आला असेलच. पुढे कोणाकोणाला पाठवलात?