अवघड वाटेचा हट्ट

"साऊ जॉर्ज बेटावरची एकही पायवाट माझ्या पायाखालून सुटलेली नाही!" अर्मिन्यू भर जेवणात बोलून गेला.

यातलं खरं एवढंच होतं, की तो औषधाच्या दुकानात कामाला होता आणि डोंगर उतरून आलेल्या पाहुण्यांना गुडघ्याचं मलम विकायचा. कोणत्या वाटेने माणूस किती लंगडतो, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतः तो बेकरीच्या पलीकडे चालत गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

समोर बसले होते कप्तान लाउरेन्यू, ओदीलियाचे वडील. उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस. ओदीलियाशी लग्न करायचं तर यांचा होकार हवा, आणि कप्तानांचं मत ठाम होतं: गोळ्या मोजणारा माणूस म्हणजे कापसाचा बाहुला.

"मग रविवारी चल की! खालच्या वस्तीत शिंपल्यांचं कालवण खाऊ," कप्तान म्हणाले. "वाटा दोन. एक किनाऱ्याने, सपाट. दुसरी वरून, कड्याची. तू निवड."

म्हातारा सत्तरीचा. कड्याचं नाव काढलं की स्वतःच किनारा म्हणेल, असा अर्मिन्यूने अंदाज बांधला. म्हणजे अब्रूही राहील आणि गुडघेही.

"कडा! किनाऱ्याची वाट बाळंतिणींना."

कप्तानांचा चमचा हवेतच थांबला. "बरं. मीही तेच म्हणणार होतो."

"बाबा, अहो तुम्हाला शिडीवर सुद्धा..." कालवण वाढता वाढता ओदीलिया म्हणाली.

"तू गप गं!"

रविवारी डोंगरावर धुकं असं दाटलं होतं, की स्वतःचे बूट पाहायला वाकावं लागत होतं. अर्मिन्यूचे बूट नवे होते आणि चावत होते.

"कप्तान, धुकं फार आहे. तुम्हाला त्रास होणार असेल तर..."

"मला? तुला भीती वाटतेय का?"

"छे!"

"मग चल!"

वाट कड्याच्या कडेला आली. खाली कुठेतरी समुद्र गरजत होता. कप्तान डोंगराला पालीसारखे चिकटून चालू लागले. अर्मिन्यूचे गुडघे गंजक्या बिजागरीसारखे कुरकुरत होते. शेवटी त्याने डावीकडच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे बोट केलं. "इथून जवळची वाट आहे!" ती कुठे जाते हे त्याला ठाऊक नव्हतं. कड्यापासून लांब जात होती, एवढं पुरे होतं.

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस!" म्हणत कप्तानांनी गडग्यावरून त्याच्या आधी उडी टाकली.

दहा पावलांवर कुणीतरी फुरफुरलं. धुक्यात काळंकभिन्न, शिंगं असलेलं काहीतरी उभं होतं.

"बैल!" दोघे एका सुरात ओरडले आणि क्षणात परत गडग्यावर चढून बसले. जनावर सावकाश आलं आणि त्यांच्या पायांखाली उभं राहिलं.

"हाणा ना काठी, कप्तान!"

"मला मासे कळतात. याला कल्ले कुठे आहेत?"

बराच वेळ गेला. पायाखालून हुंगणं चालूच होतं.

"पोरा," कप्तान खोल आवाजात म्हणाले, "मला उंचावर चक्कर येते. खालच्या वस्तीत जन्मभर गेलो तो बोटीने."

"आणि मी डोंगर पाहिलाय तो दुकानाच्या खिडकीतून."

"मग कडा का म्हणालास, गाढवा?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून!"

"मी तुझ्या नाहीची वाट पाहत होतो!" कप्तानांनी कपाळावर हात मारला. मग खाली पाहून आवाज उतरवला. "हे बघ, माझी मुलगी तुला दिली. पण यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये."

अशा रीतीने लग्न ठरलं. एवढ्यात धुक्यातून दुधाचा कॅन घेतलेली एक बाई आली. "मिमोझा! दूध कोण देणार गं, मी?" बैल आज्ञाधारकपणे तिच्यामागे निघाला. बाईने वर पाहिलं. "तुम्ही काय करताय तिथे?"

"विश्रांती," कप्तान म्हणाले.

तिने दोघांना गाडीत दुधाच्या कॅनांमध्ये बसवून गावात सोडलं. घरी कप्तानांनी सांगितलं, की जावई कड्यावरून हरणासारखा उतरला. अर्मिन्यूने सांगितलं, की कप्तान त्याच्याही पुढे होते. ओदीलियाने शांतपणे ऐकून घेतलं. कौतुकाने डोळेही पुसले.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी जाहीर केलं: पंधरा तारखेला शेजारच्या बेटावरून तरुण मंडळी येत आहेत, आणि त्यांना कड्याच्या वाटेने खाली नेतील कप्तान लाउरेन्यू आणि त्यांचे होणारे जावई!

"नावं मीच दिली," ओदीलिया कुजबुजली. "घरात दोन-दोन वाघ असताना बाहेरचा वाटाड्या कशाला?"

सगळं चर्च वळून पाहू लागलं. कप्तानांनी हसून मान झुकवली आणि ओठ न हलवता अर्मिन्यूला विचारलं,

"जावईबापू, लग्न त्याच दिवशी उरकून घ्यायचं का?"