वस्ताद, मासा कधी?

दिवाळीच्या आवराआवरीत बायकोने माळा रिकामा करायला काढला आणि माझं चरित्र एकेक करून खाली यायला लागलं. हार्मोनियम (दोनच सूर वाजतात, तेही कारण नसताना). बॅडमिंटनची रॅकेट. फोटोग्राफीचा स्टँड. बोन्सायची कुंडी (झाड गेलं, कुंडी राहिली).

स्वप्नालीने शिडीवरूनच विचारलं, "ह्यातलं एक तरी पुरं केलासा काय?"

मी सरकारी कारकून आहे. प्रश्न अडचणीचा असला की तो पुढच्या टेबलाकडे सरकवायचा, हे मला चांगलं जमतं. पण माळ्याखाली पुढचं टेबल नव्हतं. त्याच दुपारी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. एक माणूस लाटांत गुडघाभर उभा राहून लांबलचक रॉडने समुद्रात गळ फेकतो आणि हातभर मासा ओढून काढतो. झालं, मी बोलून गेलो, "ते जाऊ दे. मी आता समुद्रावर गळ टाकायला शिकणार आहे."

"कोल्हापुरात समुद्र कुठला हाय?"

"घाट उतरलं की हाय की!"

स्वप्नाली शिडीवरून खाली उतरली. (ती वर असते तोवर मी निर्धास्त असतो.) "हे बघा. एक मासा. तुम्ही सोता धरलेला. तो आणलासा तर जन्मात बोलायची न्हाय. आणि न्हाय आणलासा तर ह्या घरात नवीन नाद न्हाय. आफिस, घर आणि टीव्ही."

ती हसत म्हणाली, पण मला लागलं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नावावर एकही पुरी झालेली गोष्ट नसावी, आणि ते बायकोने हातात फडकं घेऊन सांगावं!

कोल्हापुरात मासे कसे खावेत हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. समुद्रात गळ कसा फेकावा हे सांगणारा माणूस एकच निघाला, कळंब्याचे पिराजी वस्ताद. तरुणपणी कुस्त्या, मग वीस वर्षं रत्नागिरीच्या बंदरात नोकरी. तिथे ते किनाऱ्यावरून गळ टाकायला शिकले. मी नवाकोरा रॉड घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी रॉड माझ्या हातातून काढून घेतला, भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "बैठका मारा."

"वस्ताद, मला मासे धरायचेत."

"मग मासा काय खुर्चीत बसून येतोय व्हय? फेक मनगटात नसती, कमरंत असती. तुमची कंबर कुठं हाय?"

(ती मलाही बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती.)

पहिला महिना नुसत्या बैठका झाल्या, वर भिजवलेले बदाम आणि दूध. ऑफिसात मी खुर्चीवरून उठताना "आई गं" म्हणायचो आणि बसताना "अगं आई गं". साहेबांनी दयाळूपणे मला तळमजल्यावर बसवलं.

दुसऱ्या महिन्यात रॉड हातात आला, पण गळ नाही. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा आणि फेकायचा. तोही पाण्यात नव्हे. कळंबा तलावाकडे पाठ करून मोकळ्या माळावर. "पाणी बघितलं की नवं पोरगं माशाचा इचार करतंय," वस्ताद म्हणाले. सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोणी पोरगं म्हटलं, म्हणून मी गप्प बसलो. पण कळंब्याला सकाळी फिरायला येणारं माणूस गप्प बसणारं नव्हे. रोज कोणी ना कोणी थांबून सांगायचंच, "पावणं, पाणी मागं हाय की!"

पहिला गोळा माझ्याच मागे पडला. दुसरा बाभळीत अडकला. पाचव्या दिवशी पहिल्यांदा फेक साधली, गोळा झकास लांब गेला आणि माळावर गुरं चारणाऱ्या झुंबरबाईंच्या म्हशीच्या पाठीवर बसला.

"म्हशीनं काय वाकडं केलंय तुमचं?" झुंबरबाई तिथूनच ओरडल्या. "सांजंला दूध कमी दिलं तर तुमच्या दारात आणून बांधीन!"

"अंतर चांगलं गेलं," वस्ताद एवढंच म्हणाले.

तिसरा महिना धीराचा. बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं, दोरी समोरच्या गवतात, रॉड हातात, दोन तास.

"वस्ताद, आता काय करायचं?"

"थांबायचं."

"कशासाठी?"

"हे इचारायचं बंद झालं की समुद्रावर जायचं."

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा विचारलं. महिनाअखेरीला एकदाही नाही. (त्यातले काही दिवस झोप लागली होती, पण वस्तादांनी ते धरलं नाही.) खरं सांगतो, मला तिथे बसायला आवडायला लागलं होतं. कुठलीच फाइल पुढे सरकवायची नाही, म्हणजे काय सुख असतं हे मला बादलीवर कळलं.

शेवटी एका रविवारी वस्तादांनी परवानगी दिली. मी आणि ते, दोघांनी गुपचूप जाऊन यायचं ठरलं होतं. पण जिथे जेवायची शक्यता आहे तिथे आमच्या गल्लीतला माणूस एकटा जात नाही. टेम्पोत चौदा माणसं बसली. शेजारच्या तानाबाईंनी आदल्या दिवशीच वाटण करून ठेवलं होतं, पातेली, भाकरीचं पीठ, सगळं घेतलं होतं. "मासा तेवढा तुमचा," त्या म्हणाल्या. स्वप्नालीने सगळ्यांत मोठं पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं. ते जास्त वाईट होतं.

किनाऱ्यावर मी गळाला कोळंबी लावली, देवाचं नाव घेतलं आणि फेकला. गळ फुटणाऱ्या लाटांच्या पार पलीकडे जाऊन पडला. "शाबास!" वस्ताद म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग मी थांबलो. एक तास, दोन तास, तीन तास. मंडळींनी भडंग संपवला. तानाबाई दर दहा मिनिटांनी वाटणाचा वास घेऊन बघत होत्या.

आणि रॉड वाकला!

"लागलाऽऽ!" टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा पळत आला. मी ओढलं, त्याने ओढलं. मी ढील दिली, त्याने घेतली. वस्तादांनी शड्डू ठोकला. "घाई न्हाय! दमवायचं! पाय रोवा!" मी पाय रोवले. मासा मोठा होता आणि त्याला कोणीतरी शिकवलेलं होतं. दहा मिनिटांनी मी घसरायला लागलो, तेव्हा स्वप्नालीने मागून माझा पट्टा धरला.

"सोडू नगासा! म्या हाय!" ती ओरडली.

लग्नाला एकवीस वर्षं झाली, माझ्या नादाला तिने हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. मासा नाही मिळाला तरी चालेल, पण तो इतक्यात सुटू नये, असं मला वाटलं.

मासा खडकाच्या बाजूला सरकायला लागला. आम्हीही सरकलो, सगळी गल्ली मागून. खडकाला वळसा घातला, तर पलीकडून एक धिप्पाड गृहस्थ पाठमोरे, रॉड खांद्यावर घेऊन, उलट्या पावलांनी आमच्याकडे येत होते. त्यांच्याही कमरेला चार माणसं लटकली होती. आमच्या दोन्ही दोऱ्या लाटांत एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या.

"सोडा ओ! माझा मासा हाय!" मी ओरडलो.

त्यांनी मान वळवली. घामाघूम चेहऱ्याने एकदा दोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मी मासा न्हाय ओ," ते म्हणाले. "मी भीमाप्पा. जयसिंगपूर."

एवढं बोलून त्यांनी जोर सोडला. ते तिथेच वाळूत बसले, आम्ही मागे कोसळलो, आणि त्यांचा रॉड मध्येच कट्ट करून मोडला.

मी हात जोडून जवळ गेलो. "मासं खात न्हाय ओ आम्ही," भीमाप्पा धापा टाकत म्हणाले. "गळाला काय लावतबी न्हाय. बीपी हाय. डागदर म्हणले, कुठंतरी शांत बसा. सहा महिने बसतोय. आज पैल्यांदा कायतरी लागलं, मला वाटलं देवच पावला!"

त्यांच्या पत्नी पवित्राताईंनी पिशवीतून बीपीचं मशीन काढून त्यांच्या दंडाला लावलं. मग माझ्या लावलं. माझं जास्त निघालं.

"बरोबरीत सुटली," वस्तादांनी निकाल दिला.

तानाबाईंनी वाटणात बटाटे टाकले. संध्याकाळी गल्लीत शिरताच पहिल्या दारातून प्रश्न आला, "काय धरलं?"

"भीमाप्पा," स्वप्नाली म्हणाली. "नव्वद किलोचं असतील. परत सोडून दिलं."

घरी आल्यावर मी मुकाट्याने शिडी लावली. शब्द तो शब्द. रॉड खांद्यावर घेऊन दोन पायऱ्या चढलो, तेवढ्यात ती म्हणाली, "र्‍हाऊ दे खाली. पुढच्या महिन्यात परत जायचंय."

मी दुसऱ्या पायरीवरूनच वळलो. "म्हणजे मला जमेल, असं वाटतं तुला?"

"तुमचं मला म्हाईत न्हाय. पवित्राताईंचं आणि माझं ठरलंय. त्या शेंगापोळ्या आणणार हायत. भीमाप्पांचा रॉड मोडलाय, त्यांना तुमचा देऊ म्हणून सांगितलंय मी." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "आणि गाडीत जागा पुरली न्हाय, तर तुम्ही आपलं घरीच र्‍हावा."