शिवलकरकाकांची खाजकुयली

भर फेब्रुवारीत, दुपारी बारा वाजता, अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, हातांत रबरी मोजे आणि जवळ गाडीचा पत्ता नाही, असा माणूस मिरजोळ्याच्या रस्त्याने चालत येताना दिसला तर घाबरू नका. ते आमचे शिवलकरकाका. फक्त त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका, एवढं मी सोसायटीची सेक्रेटरी म्हणून जरूर सांगेन.

काका लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तीस वर्षं लॅबमध्ये होते. रिटायर होऊन आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायला आले, पण लॅब काही डोक्यातून गेली नाही. झाडपाल्याचं भारी वेड, मात्र झाडाचं नाव तोंडातून निघेल तर शपथ. "नाव काय घेऊन बसलात? आत काय आहे ते बोला!" हे त्यांचं पालुपद. हळद म्हणजे कर्क्युमिन, मिरी म्हणजे पायपरिन. एकदा खोकल्यावर मी अडुळशाची दोन पानं मागायला गेले, तर व्हॅसिसिनवर अर्धा तास ऐकून, पानं न घेताच परत आले. खोकला आपला आपणच कंटाळून गेला. सासूबाई तुळशीपाशी दिसल्या की काका खालून ओरडणार, "काय वहिनी, युजेनॉलला पाणी घातलंत का?" सासूबाई म्हणतात, मेल्याला देवाधर्माची म्हणून चाड नाही.

तेही एक वेळ चाललं असतं हो. पण खाजकुयली!

रानातल्या या वेलाच्या शेंगांवर तपकिरी, मखमली कुसं असतात. अंगाला लागली की माणूस नाचायलाच लागतो. काका थंडी संपता संपता या शेंगा गोळा करत हिंडतात. तो रेनकोट त्यासाठीच, त्यावर म्हणे कुसं टिकत नाहीत. एका रविवारी त्यांनी टोपलीभर शेंगा गच्चीवर वाळत घातल्या. दुपारी वारा सुटला. दोरीवर अख्ख्या बिल्डिंगचे कपडे.

सोमवारी सकाळी आमचे हे ऑफिसला निघाले ते जिन्यातच शर्ट काढून उभे! दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर ग्रिलला पाठ घासतायत, सासूबाई मला खराट्याने खाजव म्हणतायत. तेवढ्यात चिकटपट्टीची रिळं घेऊन काका धावत आले. "चोळू नका! पट्टी लावा नि ओढा! म्युक्युनेन आहे ते!" आत काय आहे ते त्या दिवशी आम्हाला पुरतं कळलं.

संध्याकाळी मीटिंग झाली. खाजकुयली बिल्डिंगमध्ये आणायची नाही, असं काकांना बजावायचं ठरलं. बजावणार कोण? सेक्रेटरी!

मी तणतणत खाली गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसून चिमुकल्या तराजूवर खाजकुयलीची एकेक बी तोलत होते. खिडकीशी काकू. त्या फारशा बाहेर पडत नाहीत, गुडघे दुखतात असं काका आम्हाला सांगायचे. गुडघे कसले! काकूंचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता.

"कंपवात," काका म्हणाले. "सहा वर्षं झाली. या बियांत लिव्होडोपा असतं. हिच्या गोळीत आहे तेच. वैद्य लोक पूर्वीपासून कंपवातावर शुद्ध करून देत आलेत."

"काकूंना देता तुम्ही हे?"

"छे छे! एका बीत किती, दुसरीत किती, कोणाला ठाऊक? त्यात वर गोळी चालू. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय, आणि केली नसती तरी मी दिलं नसतं. तीस वर्षं लॅबमध्ये मोजमापच तर केलं."

"मग आणता कशाला?"

काकांनी हातातली बी खाली ठेवली. "गोळीचा असर आता लवकर उतरतो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, यापुढे असंच. मग मी काय करू? नुसतं बसवत नाही हो." आणि चहा टाकायला आत गेले.

काकूंनी मला खुणेने जवळ बोलावलं. "बंद नको गो करूस त्यांचं ते," त्या हळूच म्हणाल्या. "घरात असले की दिवसभर माझ्या हाताकडे बघत बसतात. मग मी तो पदराखाली धरून ठेवते. ते रानात गेले की तेवढे दोन तास बिचारा मोकळेपणी थरथरतो."

काका चहा घेऊन आले. काकूंचा हात पदराखाली गेला. काकांनी त्यांच्यापुढे अर्धाच भरलेला कप ठेवला आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत आमच्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. पान मागच्या महिन्याचं होतं. बजावायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात माझ्या सहीने नोटीस लावली : रविवारी गच्चीवर कोणीही कपडे वाळत घालू नयेत. हेडमास्तर कारण विचारत वर आले होते. म्हटलं, "सर, मी सांगतेय ना, एवढं पुरे."