अकराव्या मिनिटाची बाई

‘सहाव्या घुबडाची पापणी’ या इटालियन सिनेमात अकराव्या मिनिटाला जिचा खून होतो ती बाई गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता मिरजेत मंडळाच्या कचेरीत आली, आणि आपला खून कोणी केला ते लेखी कळवावे, असा अर्ज तिने टेबलावर ठेवला.

चिटणीस अण्णासाहेब मगदुमांनी चष्मा पुसला, अर्जावर आवक क्रमांक घातला आणि मग तिला खुर्ची दिली. भूमी अभिलेख कार्यालयात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. आधी नोंद, मग आश्चर्य, ही त्यांची सवय. ओळख पटवायचा प्रश्न नव्हता. तो पिवळा कोट, ते मानेपर्यंत कापलेले केस, गळ्याखालचा तो रक्तापेक्षा कितीतरी जास्त लाल डाग, हे सगळं त्यांनी सत्तावीस वेळा पाहिलं होतं.

मंडळाचं नाव ‘इटालियन पीत रहस्यपट रसिक मंडळ’. तिकडे खुनाच्या पुस्तकांना पिवळी वेष्टनं असायची, म्हणून त्या जातीच्या सिनेमांनाही पिवळे म्हणतात. आधी साधं ‘पिवळे सिनेमा मंडळ’ असंच नाव ठरलं होतं, पण नोंदणीच्या वेळी कारकुनाने मगदुमांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि “या वयात?” असं विचारलं. मग ‘पीत’ केलं. सभासद एकोणीस. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पडदे ओढून खेळ व्हायचा. काळे कातडी हातमोजे, चकाकता सुरा, गोल जिने, रंगीत काचा आणि मागे कुठेतरी लहान मुलीच्या आवाजात ला-ला-ला. एवढं असलं की सभासद तृप्त. कथेचा ताळमेळ कोणी मागत नसे. ‘सहाव्या घुबडा’त घुबड एकही नाही, आणि पहिली पाच कुठे गेली हेही कोणी कधी विचारलेलं नाही.

“अर्जावर नाव नाही,” मगदूम म्हणाले.

“मला नावच नाहीये, साहेब.” तिचे ओठ आधी हलले आणि मराठी थोडी मागून आली. या सिनेमांत आवाज नंतर भरतात, त्यामुळे तिचं बोलणं तसंच होतं. “नावांच्या यादीत ‘पहिली तरुणी’ एवढंच आहे.”

मगदुमांनी तसं लिहिलं. “तुम्हाला स्वतःला काय आठवतं?”

“मी लिफ्टचं बटण दाबते. लिफ्ट येते. दार उघडतं. हातमोजे दिसतात. पुढचा एक तास तेवीस मिनिटं मला काही काम नाही. पन्नास वर्षं झाली. कोणी मारलं, का मारलं, काही कळलेलं नाही. आता हा सिनेमा दुसरीकडे कुठे लागत नाही, म्हणून तुमच्याकडे आले.”

उत्तर मगदुमांना पाठ होतं. पण मंडळाच्या घटनेतलं नववं कलम त्यांनी स्वतः लिहिलेलं: ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्याला खुनी कोण हे सांगणाऱ्याचं सभासदत्व तात्काळ रद्द. मागे एकाने साडूला फोनवर सांगितलं, तर त्याला काढलं होतं, आणि तो तर मंडळाचा उपाध्यक्ष होता.

“सांगता येणार नाही, बाई. तुम्हाला सिनेमा बघावा लागेल.”

“कसा बघू? मी त्यात असते.”

“अकराव्या मिनिटानंतर नसता ना?”

तिने विचार केला. “नाही. त्यानंतर मोकळीच असते.”

मगदुमांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्या हर्डीकरबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मेलेल्या माणसाला सभासद कसं करणार, मगदूम?”

“पाहुणी म्हणून बसवू. पाहुणा जिवंत असावा, असं घटनेत कुठे नाही.”

“बघा बुवा. खेळ मात्र वेळेवर सुरू झाला पाहिजे.”

रविवारपर्यंत ती मगदुमांच्या घरी राहिली. मगदुमांच्या पत्नी सुमतीबाईंनी एकतीस वर्षांत मंडळाचा एकही खेळ पाहिला नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून खून काय बघायचे, असं त्यांचं मत. त्यांनी कोटावरचा डाग नखाने खरवडून पाहिला. “हे रक्त नव्हे गं, रंग आहे. भिजत घातला तर निघेल.”

“राहू द्या, वहिनी. रविवारी लागेल.”

त्या जैन घरात जेवणं दिवस मावळायच्या आत उरकत, ते तिला फार आवडलं. आरशासमोर ती जात नसे. बसायची ती भिंतीला पाठ लावून. शुक्रवारी मेथी निवडताना ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही माझ्या मागे बसाल का? मागे ओळखीचं कोणी असलं की बरं वाटतं.” सुमतीबाईंनी पाट उचलला आणि मागे जाऊन बसल्या. मेथी त्यांना पुढे हात करकरून घ्यावी लागली.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला गाठलं. “अहो, मला सांगा कोणी मारलं ते. मी तिला सांगते. मी कुठे तुमची सभासद आहे?”

“तुला सांगितलं तरी माझं सभासदत्व जाईल.”

“जाऊ दे की.”

 मगदुमांची खरी अडचण कलमाची नव्हतीच. मंडळाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी स्मरणिकेत ‘अकराव्या मिनिटाचे सौंदर्य’ असा नऊ पानी लेख लिहिला होता. खुनी कोण ते इथे सांगता येत नाही, कारण वाचकांपैकी अनेकांनी सिनेमा पाहिलेला नसेल. पण तो इसम चौथ्या मजल्यावरच्या वीणा शिकवणाऱ्या बाईला मारायला निघालेला असतो, एवढं कलमात बसतं. तिसऱ्या मजल्यावर या मुलीने बटण दाबलं म्हणून लिफ्ट मध्येच थांबते. दार उघडतं, समोर पिवळा कोट. वीणावालीचाही कोट पिवळाच. त्याला वाटतं, आला चौथा मजला. बस, एवढंच. ‘या खुनाला कारण नाही, म्हणूनच तो इतका देखणा आहे,’ असं मगदुमांनी लिहिलं होतं. त्या वाक्याखाली खुद्द हर्डीकरबाईंनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. गुरुवारपासून ते वाक्य मगदुमांना अंघोळ करताना आठवत होतं, चहा पिताना आठवत होतं.

रविवारी ती दहाला पाच कमी असताना हॉलच्या मागच्या दाराने सिनेमात गेली. खेळ सुरू झाला. अकराव्या मिनिटाला तिचा खून झाला. सभासदांनी नेहमीसारखा श्वास रोखला. थोड्याच वेळात मागचं दार किलकिलं झालं, ती आत आली आणि मगदुमांच्या शेजारी राखून ठेवलेल्या खुर्चीत बसली. सुमतीबाई तिच्या मागच्या खुर्चीत होत्या. मंडळाच्या खेळाला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

तिने उरलेला सगळा सिनेमा न हलता पाहिला. शेवटी त्या इसमाचा बुरखा निघाला आणि तो कबुली देताना म्हणाला, “ती पहिली? ती चुकून. लिफ्ट एक मजला आधी थांबली.” या वाक्याला मंडळात दर वेळी टाळ्या पडतात. याही वेळी पडल्या. मगदुमांचेही हात उठले होते. ते त्यांनी मांडीवर ठेवले.

दिवे लागल्यावर ती म्हणाली, “लिफ्ट?”

ती सभासदांकडे वळली.

“टाळ्या का वाजवता तिथे? रागावले नाहीये, साहेब. विचारतेय.”

मगदुमांनी खरं ते सांगितलं. “फार सुंदर असतं म्हणून. तो लाल रंग, ती काच, ते गाणं. भीती इतकी देखणी आम्हाला दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. आणि मरणारं माणूस आपलं कोणी नसतं.”

“गुरुवारपासून आपल्याकडे जेवतेय ती,” मागून सुमतीबाई म्हणाल्या.

सोमवारी तिने दुसरा अर्ज दिला. पुढच्या खेळाला लिफ्ट न वापरता जिना वापरण्याची परवानगी मिळावी. हर्डीकरबाई स्वतः कचेरीत आल्या. “मगदूम, अकरावं मिनिट काढलं तर उरतं काय? कोट आणि जिने! सभासदांना काय तोंड दाखवणार आपण?”

“बाई, माझा जन्म वहिवाटीच्या भांडणांत गेला. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. जिन्यावर तिचा हक्क आहे की नाही?”

“हक्क आहे हो. पण सिनेमा?”

“सिनेमाने वहिवाटीला हरकत घेतलेली नाही,” मगदूम म्हणाले आणि त्यांनी अर्जावर लिहिलं: ‘जिना अर्जदाराच्या वहिवाटीचा आहे. वापरण्यास हरकत नाही.’ खाली सही केली आणि शिक्का मारला.

ती मात्र उठेना. “मी लिफ्ट थांबवली नाही, तर तो सरळ चौथ्यावर जाईल.”

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हर्डीकरबाईंनी मगदुमांकडे पाहिलं, मगदुमांनी शिक्क्याकडे. डबा घेऊन आलेल्या सुमतीबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मग तू त्याच्या आधी जा.”

पुढच्या रविवारी विशेष खेळ ठेवला. एकोणीसच्या एकोणीस सभासद आले. अकराव्या मिनिटाला ती तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर आली. तिचं बोट बटणाकडे गेलं, तिथेच थांबलं आणि कोटाच्या खिशात शिरलं. ती वळून जिना चढायला लागली. कॅमेरा लिफ्टसमोर जय्यत तयार होता. त्याला तिच्यामागे धावत जावं लागलं. ला-ला-ला सुरू झालं आणि काही घडत नाही असं पाहून बंद पडलं.

चौथ्या मजल्यावर तिने बेल दाबली. वीणा शिकवणाऱ्या बाईने दार उघडलं. एका इमारतीत पन्नास वर्षं राहून दोघींची गाठ कधी पडली नव्हती.

“मी खालच्या मजल्यावरची,” ती म्हणाली. आधी ओठ, मग मराठी. “कोट आहेच अंगात. चला, जरा बाहेर जाऊन येऊ.”

दोघी जिन्याने उतरत असताना लिफ्ट त्यांच्या शेजारून गुरगुरत वर गेली. चौथ्यावर दार उघडलं. हातमोजे बाहेर आले. समोर कोणी नव्हतं. त्या इसमाने बेल वाजवली, पुन्हा वाजवली, सुरा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि शेवटी पायरीवर बसला. तिकडे चौकात लख्ख ऊन होतं. दोघी बाकावर बसून बर्फाचा गोळा खात होत्या. शेजारच्या बाकावर सिनेमातला गुप्तहेर पेपर वाचत होता. त्याला त्या दिवशी काही कामच नव्हतं.

अर्धा तास गेला तरी कोणी मेलं नाही. पण हॉलमधून एकही माणूस उठला नाही. बावन्नाव्या मिनिटाला हर्डीकरबाई मागे वळून कुजबुजल्या, “मगदूम, ते कोपऱ्यावरचं कारंजं आपण कधी पाहिलंच नव्हतं हो.”

मग दोघी कागदी पिशवीत संत्री घेऊन घराकडे निघाल्या. इमारतीत शिरल्या. तो इसम अजून चौथ्या मजल्याच्या पायरीवरच होता. मगदुमांनी हा सिनेमा अठ्ठावीस वेळा पाहिला होता, आणि आता त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“अगं, आता काय होणार?”

“मला काय विचारता? बघा की,” शेजारी बसलेल्या सुमतीबाई म्हणाल्या.

पावलं जवळ आली. जिन्याच्या वळणावर आधी संत्र्यांची पिशवी दिसली, मग दोन पिवळे कोट. पायरीवरच्या इसमाने मान उचलून पाहिलं आणि दोघींना वाट द्यायला पाय आवरून घेतले.