गाडीची ओटी

पनवेलमध्ये कुमार टिपणीसांइतकं गाडीतलं कोणाला कळत नाही, ही गोष्ट पनवेलमध्ये फक्त कुमार टिपणीसांनाच ठाऊक होती. नोकरी विमा कंपनीत, पण सुट्टी आली की अंगात जुना बनियन, हातात पाना आणि अर्धं धड बॉनेटखाली. त्यांची टर्बो डिझेल गाडी नवी होती तेव्हा सोसायटीभर तिचं कौतुक होतं. आता ती चालू झाली की तळमजल्यावरची माणसं खिडक्या लावून घेत.

हल्ली ती चढावर दम टाकायला लागली होती. कुमाररावांनी निदान केलं, टर्बोचा पाइप फाटलाय.

"टर्बो म्हणजे काय," ते शशिकलाबाईंना समजावू लागले, "इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पंगतीत नको नको म्हणत असताना आग्रहाने वाढणारी मावशी असते ना, तसा. पाइप फाटला की मावशीची जिलबी पानात पडायची ती जमिनीवर."

"मग गॅरेजला द्या."

"गॅरेजवाल्यांना काय कळतंय? दोन क्लिपा सोडवायच्या, जुना पाइप काढायचा, नवा बसवायचा. पोरखेळ आहे."

"वायपर बसवणं पण पोरखेळच होता. तेव्हापासून वायपर लावला की हॉर्न वाजतो."

कुमाररावांनी विषय पुन्हा पाइपाकडे वळवला, कारण हॉर्न अजूनही वाजत होता.

शशिकलाबाईंनी मग निकालच लावला. उद्या रविवारी लोणावळ्याला त्यांच्या बहिणीकडे, सुमतीकडे जायचं होतं. सुमतीच्या लेकीचं, सईचं, डोहाळजेवण. "गाडी विनातक्रार घाट चढली तर राहील. नाहीतर संध्याकाळी नियाजभाईंना देऊन टाकायची."

समोरच्या विंगमधले नियाजभाई आखातातून परतल्यापासून जुन्या गाड्या घेत-विकत. या गाडीवर त्यांचा कधीपासून डोळा होता. पण कुमारराव ती कशी देणार? लेकीला, इराला, बालवाडीच्या पहिल्या दिवशी त्यांनी याच गाडीतून सोडलं होतं. ती रडली नव्हती, हे रडले होते. गाडीवर त्यांचा जीव होता, अगदी खरा.

शनिवारी दुपारी शशिकलाबाई डुलकी काढत असताना कुमाररावांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि कामाला लागले. व्हिडिओतला माणूस म्हणाला, पाइप काढल्यावर उघड्या तोंडात कापड कोंबा, म्हणजे आत कचरा जाणार नाही. कुमारराव कापड शोधायला वर आले. आता घरात फडकी काय कमी असतात? पण चांगल्या गाडीला चांगलं कापड हवं. कपाटात ब्लाउजपिसांचा गठ्ठा दिसला.

हा गठ्ठा तुमच्याही घरी असणार. ओटीत आलेले खण. कोणी शिवत नाही, कोणी टाकत नाही. सुमतीकडून शशिकलेकडे, शशिकलेकडून शेजारच्या मोनालीकडे, मोनालीकडून आणखी कुणाकडे असे ते जन्मभर घडीतच फिरत राहतात. कुमाररावांनी विचार केला, यातला एक गेला तर कुणाला कळणार आहे? त्यांनी वरचा हिरवा खण उचलला, खाली जाऊन त्या उघड्या तोंडात नीट कोंबला आणि वर नवा पाइप बसवून टाकला.

कापड नंतर आठवणीने बाहेर काढा, हे व्हिडिओच्या शेवटी होतं. कुमाररावांनी कुठलाही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

रविवारी सकाळी निघाले. कोन गावापर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालली. "बघ, इंजिनाचा आवाज ऐक," कुमारराव म्हणाले. जुन्या हायवेने खोपोली मागे पडली, घाट लागला आणि आवाज ऐकायची वेळ खरोखरच आली. गाडी घरघरली. मागे काळा धूर सुटला. सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक त्यांना ओलांडून गेला आणि त्याच्या क्लीनरने दया येऊन हात हलवला.

"तिला जरा मोकळं होऊ दे," म्हणत कुमाररावांनी गाडी कडेला घेतली. आतून ते पार खचले होते. संध्याकाळचे नियाजभाई त्यांना आत्ताच समोर दिसू लागले.

शशिकलाबाईंनी घड्याळ बघितलं. लक्षण वाईट होतं. वेळ जावा म्हणून त्यांनी ओटीची पिशवी उघडली. तांदूळ होते, नारळ होता, आणि तपकिरी खण होता.

"अहो, हा कुठून आला? मी गठ्ठ्यावर हिरवा काढून ठेवला होता. सकाळी घाईत वरचा उचलला." त्यांनी खण उलटा केला. "हा तर सुमतीनेच मला दिलाय. तिचाच खण तिच्याच लेकीच्या ओटीत घालू? हिरवा कुठे गेला?"

कुमारराव दरीकडे बघू लागले.

"तुम्हाला विचारतेय."

"गाडीतच आहे."

"गाडीत कुठे?"

"पुढे."

"पुढे कुठे? डॅशबोर्डात?"

"आणखी थोडं पुढे."

शशिकलाबाईंनी बॉनेटकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मागे विरणाऱ्या धुराकडे बघितलं. "म्हणजे माझ्या भाचीच्या आधी तुम्ही गाडीची ओटी भरलीत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुमाररावांनी बॉनेट उघडलं, थांबायचं सोडून तापलेल्या पाइपालाच हात घातला, बोटं भाजून घेतली, तोंडाने नको ते बोलले आणि शेवटी चिमट्याने खण ओढून काढला. तो हिरवा होता हे आता सांगावं लागलं असतं. पाइप त्यांनी कसाबसा पुन्हा बसवला, पण स्टिअरिंग धरायची सोय राहिली नाही.

"सरका," शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे लायसन्स होतं, पण टर्बोचा झटका बायकांना झेपत नाही असं सांगून कुमाररावांनी त्यांना चावी कधी दिली नव्हती. आज बाटलीतल्या पाण्याने बोटं भिजवत ते शेजारी बसले. शशिकलाबाईंनी गिअर टाकला, पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की नारळ मागच्या सीटवर गेला. सिमेंटचा ट्रक मागे पडला. क्लीनरला हात या वेळी शशिकलाबाईंनी हलवला.

लोणावळ्यात सुमतीने ओटीतला खण ओळखलाच. "अगं, हा तर माझाच!" शशिकलाबाईंनी काय घडलं ते सगळ्या बायकांना पहिल्यापासून सांगितलं, आणि सई हसून हसून पोट धरून बसली.

संध्याकाळी नियाजभाई पार्किंगमध्ये उभेच होते. "काय भाभी, घाटात तकलीफ दिली ना? बिनधास्त सांगा, मी नेतो."

"नाही नियाजभाई, गाडी झकास आहे. विकायची नाही."

कुमाररावांना भरून आलं. रात्रभर ते सुखाने झोपले. सोमवारी बोटांना पट्ट्या लावून, ऑफिसची बॅग घेऊन ते खाली उतरले, तर गाडी चालू. शशिकलाबाई स्टिअरिंगवर, शेजारी पहिल्या मजल्यावरची हेतल पट्टा लावून तयार.

"आम्ही खारघरला चाललोय. तुम्हाला बसथांब्यावर सोडते," शशिकलाबाई म्हणाल्या. "मागे बसा. आणि दार जोरात आपटू नका, जुनी गाडी आहे."

कुमारराव निमूट मागे बसले. आपल्या गाडीत मागे पाय ठेवायला किती कमी जागा आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.