नावाड्याचा निरोप

सासऱ्यांनी रविवारी दुपारी घरी गेम बघायला बारा माणसं बोलावली आहेत, हे जावयाला शनिवारी संध्याकाळी कळलं आणि हातातला बटाटा सोलायचा तसाच राहिला.

"बारा?"

"तेरा. न्यायाधीशसाहेबही येतायत," सासरे म्हणाले. "पुढच्या खोलीत मावतील ना? नाहीतर पलंग हलवू."

जावई व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत संवाद लिहायचा. सासरे कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली. आवाज असा, की व्हरांड्याच्या पार टोकाला डुलक्या घेणारा साक्षीदार दचकून उठावा. गेममधल्या म्हाताऱ्या नावाड्याला आवाज हवा होता, तेव्हा जावयाने त्यांनाच नेलं.

नावाडी तसा किरकोळ. राजपुत्राला अकरा वेळा नदीपार न्यायचं, वाटेत चार शब्द बोलायचे. पण शेवटी त्याला निरोपाचा प्रसंग होता. युद्ध संपलंय, नदीवर पूल होणार, आता नावेची गरज नाही. आणि नावाडी पहिल्यांदाच सांगतो, की त्याचा मुलगा याच नदीत गेला, तेव्हापासून तो कुणालाच एकट्याने पलीकडे जाऊ देत नाही. सासऱ्यांनी ती चार मिनिटं एका दमात म्हटली. स्टुडिओतली माणसं हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

मग गेम लांबतोय म्हणून दिग्दर्शकाने कात्री काढली. "शेवट राजपुत्राचा आहे. बाकीच्यांना एकेक वाक्य. कुठलं ते तू ठरव, जेवणाच्या सुट्टीआधी दे." लोहार, दाई, हेर, नावाडी, सगळ्यांची बोळवण जावयाने चाळीस मिनिटांत केली. भांडायचं मनात होतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या बढतीचं बोलणं चाललं होतं आणि भांडण राहून गेलं.

घरी सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो आला होता. सासऱ्यांनी दार उघडता उघडताच विचारलं, "काय जावईबापू, आमचा निरोप जागच्या जागी राहिला ना?"

"राहिला की!" जीभ घसरली, आणि घसरली ती थांबेना. "उलट थोडा वाढवलाय."

'वाढवलाय' हे सासूबाईंनी शेजारच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्याने संगीताच्या मास्तरांना, आणि असं करत करत ते सासऱ्यांच्या कोर्टातल्या निवृत्त न्यायाधीशांपर्यंत पोचलं. त्यांनी चौतीस वर्षांत सासऱ्यांच्या आवाजाबद्दल एकदाच मत दिलं होतं. "जरा हळू."

गेम बाजारात आला होता; त्याचा शेवट बघायला रविवारी चारला खोली गच्च भरली. न्यायाधीश काठी टेकत तीन जिने चढून आले आणि पंख्याखाली बसले. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जावयाने गेमचा कंट्रोलर स्वतःच्या हातात घेतला. बेत साधा होता: शेवटाला पोचायचंच नाही.

राजपुत्र जंगलात शिरला आणि तासभर बाहेरच आला नाही. एकाच खड्ड्यात सहा वेळा पडला. एकदा तर वाट सोडून बदकांच्या मागे लागला.

"गेम तुम्हीच लिहिलाय ना?" शिंप्याने विचारलं. "मग तुम्हालाच रस्ता कसा माहीत नाही?"

"लिहिणं वेगळं, चालणं वेगळं," जावई घाम पुसत म्हणाला.

"आण इकडे," त्याची बायको म्हणाली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिने वडिलांसाठी जीव तोडून सतरा मिनिटांत राजवाडा सर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयानेही वाजवल्या, न वाजवून सांगतो कुणाला!

राजपुत्राचा राज्याभिषेक झाला. तो बावीस मिनिटं बोलला. मग नदी आली, नाव आली. सासूबाईंनी सासऱ्यांचं मनगट धरलं. नावाडी वळला आणि खोलीभर आवाज घुमला.

"उतरा. जपून, काठ निसरडा आहे."

राजपुत्र उतरला. पडदा काळा झाला आणि नावं सरकायला लागली.

कुणी हललं नाही. वाढवलेला भाग पुढे असणार, अशी सगळ्यांची समजूत. अकरा मिनिटं नावं सरकली. अगदी तळाला, 'इतर आवाज' या सदरात, सासऱ्यांचं नाव येऊन गेलं. मग पडद्याने विचारलं, 'पुन्हा खेळायचं?'

"उच्चार काय स्पष्ट हो," मास्तर शेवटी म्हणाले. "'निसरडा' तर फारच सुंदर."

"मी तर पाय वर घेतले," शिंपी म्हणाला.

न्यायाधीश उठले. "एवढ्या लवकर निकाल माझ्या कोर्टात कधी लागला नाही." पण दारात थांबून त्यांनी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणखी थोडं ऐकायला आवडलं असतं."

सगळे गेल्यावर सासरे प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक रचू लागले. जावई जवळ गेला. "बाबा, तो प्रसंग कापला. कापायला दुसऱ्याने सांगितलं, पण वाक्य मीच निवडलं. आणि तुमच्याशी खोटं बोललो."

"कापलाय हे मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं," सासरे म्हणाले. "तुमच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला होता. बिचारा हळहळत होता."

"मग एवढी माणसं कशाला बोलावलीत?"

"त्याच्यावर विश्वासच ठेवला नाही मी! झापला चांगला. म्हटलं, माझा जावई लिहितो तो गेम, तो म्हणतोय वाढवलाय. तू कोण मला सांगणार? आणि फोन आपटला." त्यांनी शेवटची खुर्ची रचली. "त्याचा नंबर असेल ना तुमच्याकडे? तेवढा लावून द्या."

जावयाने नंबर लावून दिला. सासरे फोन घेऊन खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. "मी नावाडी बोलतोय," ते म्हणाले. पलीकडे ओळख पटली असावी. "त्या दिवशी तुम्हाला फार बोललो. माफ करा. माणूस ओळखायला चुकलो मी."

कुठला माणूस, हे पलीकडच्याने विचारलं नाही. जावई तिथेच उभा होता. त्याचीही विचारायची हिंमत झाली नाही.