हेडफोन, खांब आणि दौंड

तळेगाव ढमढेऱ्यात ज्ञानदेवच्या गच्चीवर एरियलचा उंच खांब होता आणि त्या खांबावर त्याच्या बायकोचा, ललिताचा डोळा होता. तिला तो कपड्यांच्या दोरीसाठी हवा होता. ज्ञानदेवकडे हौशी रेडिओचं सरकारी लायसन होतं. ललिताकडे रोजची धुण्याची बादली होती. घरात बादलीचं वजन जास्त पडतं.

"आज दौंडनं तुमचा आवाज ऐकला तर ठीक. न्हाईतर खांब माझा," तिनं सांगून टाकलं.

नेमका रेडिओचा माइक त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीत पडलेला. ज्ञानदेवनं मुलीच्या कॉम्प्युटरचा हेडफोन घेतला. त्याला पिना दोन, एक हिरवी, एक गुलाबी. रेडिओला माइकचं भोक एकच. त्यानं हिरवी पिन जोडली. तो कामाला होता त्या कारखान्यात हिरवं बटण दाबलं की मशीन चालू होई. गुलाबी बटण त्यानं कुठल्याच मशीनला पाहिलं नव्हतं. बोलताना दाबायला दाराच्या बेलचं बटण लावलं आणि हेडफोन डोक्यावर चढवला.

"हॅलो दौंड!" हेडफोनच्या तोंडापुढच्या माइकच्या काडीत तो ओरडला.

बटण सोडताच रेडिओतून दौंडचे हौशी रेडिओवाले जयसिंगराव बोलले, "ज्ञानदेव, खरखर येतीय. माणूस येत न्हाई."

तो आणखी जोरात ओरडला. दौंडला काही पोचलं नाही, पण भिंतीपलीकडून सिंधूबाई बोलल्या, "भावजी, दौंडला निघालाय व्हय? आमच्या लेकीचा डबा न्या की!"

तिसऱ्या हाकेला शेजारची माणसं दारात आली. दौंडला कोण गेलं, असं हळू आवाजात विचारू लागली.

वैतागून ज्ञानदेवनं हेडफोन टेबलावर ठेवला, बटणावर किलोचं माप ठेवलं आणि वायर तपासायला टेबलाखाली शिरला. तेवढ्यात ललिता आली. हेडफोनची काडी टोचली म्हणून तिनं कानाची वाटीच तोंडाशी धरली.

"अहो दौंडवाले, ह्या माणसाला एकदा व्हय म्हणा. पोरीच्या हेडफोनची हिरवी पिन लावून सकाळधरनं घसा फोडतोय. न्हाई ऐकू आलं तरी आलं म्हणा. मला खांब पायजे, पण रुसलेला नवरा न्हाई पायजे."

टेबलाखाली ज्ञानदेवनं वायर सोडली. मग हळूच हात वर करून त्यानं माप उचललं.

"वहिनी, एकेक शब्द खणखणीत!" रेडिओ गरजला. "हिरवी पिन कानाची हाय, ज्ञानदेव! तुझा कानच माइक झालाय. आन् वहिनींना लायसनच्या परीक्षेला बसव. बिनलायसनचं बोलणं बरं न्हाई, पण आवाज वाया घालवू नको."

ज्ञानदेव डोकं चोळत बाहेर आला. "बघ! दौंडनं ऐकलं. खांब राहिला."

"ऐकला तो माझा आवाज. तुमचा कुठं ऐकला? खांब माझा."

"बरं बाई. बांध दोरी."

"दोरी कशाला? मला एरियलला लागंल. परीक्षा कवा असती?"

ज्ञानदेवनं बादली उचलली आणि वर गेला. गच्चीवर दोरी बांधायला खांबाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. खाली ललिता, रेडिओ बंद ठेवून, कानाच्या वाटीत "हॅलो दौंड"ची तालीम करत होती. खांबाच्या नव्या मालकिणीला दोरीचं विचारावं कसं, याचा विचार करत तो ओली चादर हातात धरून बराच वेळ उभा राहिला.